पळता येतं, पाण्यात दम जातो

गेल्या अंकात 'पहिली ट्रायथलॉन करणाऱ्यांनी प्रश्न पाठवा' असं लिहिलं आणि संपादकांनी पिशवीभर पत्रं आणून दिली. सांगली-मिरजेची जास्त, पण तासगाव, पलूस, जतचीही आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी अंतरं सांगते: स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं, एकामागोमाग एक, घड्याळ चालूच. ऑलिंपिक अंतर याच्या बरोबर दुप्पट. पेपरात ज्यांचे हार घातलेले फोटो येतात ते 3.8, 180 आणि 42.2 किलोमीटरवाले. त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

मी पोहणं शिकवणारी बाई आहे. तेव्हा पाण्याबद्दल जास्त बोलणार, सायकलबद्दल कमी.

प्रश्न : मॅडम, मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, वय 41. दहा किलोमीटर आरामात पळते. पोहण्याच्या टँकमध्ये मात्र 25 मीटर कशीबशी जाते आणि कठडा धरून धापा टाकते. तीन महिन्यांनी असलेल्या स्प्रिंटला नाव घातलंय. ग्रुपमधले सगळे म्हणतात, 'होईल गं!' खरंच होईल का?

उत्तर : 'होईल गं' म्हणणाऱ्यांपैकी टँकवर तुमच्याबरोबर कोण येतं, ते आधी सांगा ताई. कोणीच येत नसेल तर तो अंगठा आणि टाळ्यांचा चिखल ग्रुपवरच राहू दे.

दहा किलोमीटर पळणाऱ्या बाईचा दम 25 मीटरमध्ये संपत नसतो. तुम्ही श्वास सोडत नाही. तोंड पाण्यात असेपर्यंत हवा छातीत धरून ठेवता आणि तोंड बाहेर आलं की आधी सोडायची, मग घ्यायची, ही दोन्ही कामं एका झटक्यात उरकायला बघता. जुनी हवा पुरती बाहेर जातच नाही. दोन-चार हातांत घुसमट होते, आणि तुम्हाला वाटतं ताकद कमी पडली. रुग्णाला 'श्वास सोडा' म्हणून तुम्ही रोज सांगत असाल. तेच स्वतःला सांगायचं.

पहिले आठ दिवस पोहूच नका. कठडा धरा, तोंड पाण्यात, नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडा, मान बाजूला वळवून फक्त घ्या, परत आत. कंटाळा येईपर्यंत. शेजारच्या लेनमधली पोरं हसतील, हसू दे.

दुसरी गोष्ट मानेची. आपल्याकडे मान वर काढून पोहायची सवय विहिरीतली आहे. वरून कोण उडी टाकतोय ते बघावं लागायचं! पण मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात आणि सगळं अंग तिरकं ओढत न्यावं लागतं. नजर तळाकडे ठेवा, पाय आपोआप वर येतील.

मग 25 मीटरच्या आठ खेपा, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट विश्रांती, वेग अगदी कमी. ते सोपं वाटलं की 50, मग 100. आठव्या आठवड्यापर्यंत न थांबता 400 झाले पाहिजेत आणि शर्यतीच्या पंधरा दिवस आधी एकदा तरी 1000. आपल्या 25 मीटरच्या टँकमध्ये 750 म्हणजे 30 खेपा. आठवड्यातून तीनदा पाण्यात उतरलात तर हे होतं. त्यासाठी पळणं आठवड्याला दोन दिवसांवर आणा. तुम्हाला राग येईल, कारण माणसाला जे येतं तेच करायला आवडतं. तीन महिन्यांत तुमचं पळणं कुठे जात नाही.

नियमही माहीत असू द्या. पोहण्याची कुठलीही पद्धत चालते. फ्रीस्टाइलच पाहिजे असं नाही. दम लागला तर ब्रेस्टस्ट्रोक करा, उताणं व्हा. पाण्यातला फुगा किंवा थांबलेली होडी धरून श्वास घेतलेलाही चालतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. सुरुवातीला मात्र गर्दीच्या मध्ये उभं राहू नका. कडेला, मागे. वेटसूटची (पोहताना घालायच्या रबरी पोशाखाची) जाहिरात आली तर सोडून द्या. पाणी 22 अंशांच्या वर असलं की या अंतराला तो नियमातच बसत नाही, आणि आपल्याकडचं पाणी बहुतेक तेवढं असतंच.

आता उघड्या पाण्याचं. टँकमध्ये तळाला रेघ असते, तलावात नसते. सहा-आठ हात मारल्यावर डोळे पाण्याच्या वर काढून दिशा बघायची सवय लागते. ते शिकायला खुलं पाणी लागतंच. पण म्हणून कृष्णेत एकट्याने उतरू नका. भिलवडी-औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला पडलेल्या दिसतात, आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. घाटावर पिढ्यान्‌पिढ्या पोहणारे आहेत, ते कुठे आणि कधी उतरायचं ते जाणतात. त्यांच्यापैकी कोणी सोबत असेल तरच. बंधाऱ्याच्या जवळपासही फिरकू नका, पाणी पडतं तिथला भोवरा माणसाला बाहेर सोडत नाही.

शेततळ्याचं तर नावच काढू नका. पाणी स्वच्छ दिसतं, गर्दी नसते, आणि पाहुण्यांचं असतं म्हणून पोरं जातात. खालचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की चांगला पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. कुठल्याही खुल्या पाण्यात काठावर एक माणूस आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा, याशिवाय नाही.

प्रश्न : मी पलूसचा, वय 22. विहिरीत शिकलोय, तासभर सहज पोहतो. ट्रायथलॉन करायची आहे, पण सायकल वडिलांची जुनी, काळी, दांड्याची. ग्रुपमधले म्हणतात, पन्नास-साठ हजाराची घेतल्याशिवाय येऊच नको. पळणंही फारसं येत नाही.

उत्तर : अरे बाळा, वरचं पत्र वाचलंस का? ताई पळतात आणि पाण्याला घाबरतात, तू पाण्यात वाढलास आणि पळायचं कसं विचारतोस. माझ्याकडच्या पिशवीत निम्मी पत्रं अशीच आहेत. या खेळात नवखा माणूस कधी तिन्हीत नवखा नसतो. कोणी शाळेपर्यंत बारा किलोमीटर सायकल मारलेला शिक्षक असतो, कोणी भरतीसाठी पळालेला. आणि ग्रुप करतात काय? सगळ्यांना एकाच यादीत वेगाने लावतात. त्याऐवजी जोड्या लावा. तू ताईंना पाण्यात सोबत कर, त्या तुला पळायला शिकवतील. त्यांना काठावर भरवशाचा माणूस मिळेल, तुला 'इतका जोरात सुटू नकोस' म्हणणारं कोणी. संपादकांकडे दोघांचे पत्ते आहेत. दोघांची हरकत नसेल तर ते गाठ घालून देतील.

सायकलचं थोडक्यात. काळी दांड्याची सायकल 18-20 किलोची असते, 20 किलोमीटर तिच्यावरही होतात, पण गुडघे बोलतील. चुलत्याची, मित्राची गिअरची सायकल महिनाभर मागून घे. खडबडीत टायर असतील तर गुळगुळीत बसव, त्यात पुरेशी हवा भर (किती ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं) आणि सीट वर घे. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे सगळ्यांच्या सीट खालीच असतात. एवढ्यावर जो फरक पडतो तो पुढच्या वीस हजारांत पडत नाही.

पैसे खर्च करायचेच तर हेल्मेटवर कर. स्टँडवरून सायकल काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला पाहिजे आणि सायकल परत लावेपर्यंत तो काढायचा नाही. यात चुकलास तर दंड बसतो. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वारा चुकवणंही बहुतेक हौशी स्पर्धांत चालत नाही.

आणि दिवाळीनंतर पहाटे अंधारात पलूस-ताकारीच्या बाजूला सायकल काढू नकोस. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर ऊस लोंबल्यामुळे झाकलेला. उजाडू दे, मग जा.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात हळू. दर रविवारी दंडोबाच्या डोंगरावर सायकलने जातात. मी पायथ्याशी पोचेपर्यंत बाकीचे वर फोटो काढून, पोहे खाऊन निघालेले असतात. ग्रुप सोडावा का? (एक शिक्षिका, विश्रामबाग)

उत्तर : सोडायच्या आधी एकदा बोलून बघा. चढावर प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचं, पण जो वर पोचेल त्याने तिथे बसायचं नाही. वळून खाली यायचं, सगळ्यात मागे असलेल्याला गाठायचं आणि त्याच्याबरोबर परत वर चढायचं. जोरात जाणाऱ्याला चढ दोनदा मिळतो, त्याचा व्यायाम वाढतो. मागच्याला सोबत मिळते. पोहे सगळे आल्यावर सांगायचे. यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

हे ऐकून कोणी तोंड वाकडं केलं तर खुशाल सोडा. मागे कोण राहिलंय हे ज्या ग्रुपला माहीत नसतं तो पाण्यात धोक्याचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. टँकवर आम्ही आधी डोकी मोजतो, वेळ नंतर.

प्रश्न : वय 54, जत. बीपीची गोळी चालू आहे. थेट ऑलिंपिक अंतर करावं म्हणतो. आता करायचं ते मोठंच.

उत्तर : काका, आधी डॉक्टर. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट, आणि 'मी तलावात पोहणार आहे' हे त्यांना शब्दशः सांगा, नुसतं 'व्यायाम करतो' नको. ट्रायथलॉनमध्ये अचानक जे मृत्यू होतात ते बहुतेक पोहतानाचे असतात. पाणी, गर्दी, घाई आणि घाबरणं हे सगळं पहिल्या काही मिनिटांत एकदम येतं. छातीत दडपण, हाताला मुंग्या, नेहमीपेक्षा वेगळी धाप, काहीही जाणवलं तर उताणं व्हा, हात वर करा, होडी येते. डॉक्टर हो म्हणाले तर या वर्षी स्प्रिंट. मोठं पुढच्या वर्षी. जतच्या माणसाला पोहायला पाणी शोधण्यातच निम्मं वर्ष जाईल, ते वेगळंच.

प्रश्न : सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय लाकडाचे होतात. माझंच असं होतं का?

उत्तर : सगळ्यांचं होतं. तासभर बसून, वाकून एकाच गोलात फिरलेले पाय एकदम वेगळ्या कामाला लावले की ते थोडा वेळ ऐकत नाहीत. आठवड्यातून एकदा 40 मिनिटं सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटं पळणं, एवढं पुरे. सायकलच्या शेवटच्या पाच मिनिटांत हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवा. पळायला लागल्यावर पावलं लहान टाका. आठ-दहा मिनिटांत पाय आपले होतात.

प्रश्न : एनर्जी जेल घ्यावं का? एकेक शंभरच्या वर आहे. (तासगाव)

उत्तर : तासगावच्या माणसाने हे विचारावं! घरात बेदाणा असेल की. 100 ग्रॅम बेदाण्यात 75 ते 80 ग्रॅम कर्बोदकं असतात. तासाच्या वर चालणाऱ्या व्यायामाला ताशी 30 ते 60 ग्रॅम पुरतात, म्हणजे मूठभर बेदाणे झाले. सायकलवर असतानाच खा, पळताना चावत बसू नका. एका बाटलीत पाणी, साखर, मीठ, लिंबू. नवी गोष्ट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पोटात घालायची नाही, बेदाणासुद्धा रविवारच्या सरावात आधी खाऊन बघा, काहींचं पोट बिघडतं. आदल्या रात्री भडंग नको. लसूण आणि तिखट दुसऱ्या दिवशी पाण्यात वर येतं.

प्रश्न : बायको पहाटे साडेचारला उठून सायकल घेऊन जाते. घरचं सगळं आटपून जाते, तक्रार नाही. पण लोक विचारतात. मी काय सांगू? (माधवनगर)

उत्तर : घरचं सगळं 'आटपून' जाते, म्हणजे साडेतीनला उठत असेल. तक्रार तिची असायला हवी साहेब. डबा तुम्ही करा. लोकांना सांगा, 'सायकल चालवायला गेली आहे.'

प्रश्न : शर्यतीच्या दिवशी पाळी आली तर? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापलेलं नाही. पाण्यात पॅड चालत नाही, फुगतं. पाळीचा कप किंवा टॅम्पॉन (आत बसवायचा कापसाचा बोळा) वापरावा लागतो, आणि तो दोन-तीन महिने आधीपासून घरी वापरून सवय झालेली असावी, त्या दिवशी पहिल्यांदा नको. गडद रंगाची, गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी तिन्ही टप्प्यांत चालते, मध्ये बदलावी लागत नाही. सायकलपाशी ठेवायच्या पिशवीत एक जादा कप किंवा पॅड आणि ओला रुमाल ठेवा. पोटदुखीची गोळी रिकाम्या पोटी, उन्हात, घाम गाळताना घेऊ नका, किडनीवर ताण येतो. दुखणं फार असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा. पहिल्या दिवशी पाय जड वाटले तर हळू जा, पण पाळी आहे म्हणून पोहायचं नाही असं वैद्यकीय कारण काही नाही. मी टँकवर मुलींना हे पहिल्याच आठवड्यात सांगते. हाच प्रश्न आणखी तिघींनी विचारलाय, तिघींनीही नाव न घालता, आणि तिघी एकाच ग्रुपमधल्या आहेत असं पत्रांवरून दिसतं. एकमेकींना विचारा की.