फ्लॅश गेलं, फ्लॅशवाले कुठे गेले?

प्रश्न: मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथला एक क्लास एकाच कंपनीच्या टूलवर 'कोडिंगशिवाय आकर्षक वेबसाइट' सहा महिन्यांत शिकवतो, फी 35 हजार. माझा भाचा 2009 मध्ये असाच फ्लॅश (वेबपानावर हलती चित्रं, खेळ करायचं ॲडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर) शिकला होता. पुढे ते बंदच पडलं. मुलाला घालू का? – एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. भाच्याचं उदाहरण तुम्ही धास्तीनं दिलंय, पण उत्तर त्यातच आहे.

2009 साली फ्लॅश शिकणं चुकीचं नव्हतं. तेव्हा बहुतेक ब्राउझरना स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नसे. खेळ, आवाज, हलती चित्रं, सगळ्यासाठी वरून प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं वेगळं सॉफ्टवेअर, बसवावं लागे. फ्लॅश त्यातलंच. मीही मुलांना फ्लॅश शिका म्हणूनच सांगत होतो. मायक्रोसॉफ्टनं 2007 मध्ये सिल्व्हरलाइट हे तसलंच प्लगइन आणल्यावर तर साध्या वेबपानाचे दिवस भरले असंच मला वाटलं होतं. माझा अंदाज साफ चुकला. आयफोननं फ्लॅशला कधी दारातच उभं केलं नाही. इकडे एचटीएमएल5, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेची नवी आवृत्ती, आल्यावर व्हिडिओ आणि कॅनव्हासवरची (पानातल्या चित्रफलकावरची) चित्रं ब्राउझर स्वतःच हाताळू लागला. ॲडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा सपोर्ट थांबवला, पुढच्या ऑक्टोबरात सिल्व्हरलाइटचाही संपला. आणि सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं मूळ पत्त्यावर परत ठेवलेलं जगातलं पहिलं, साधं वेबपान? ते आजच्या मोबाइलवरही उघडतं. मुलाला दाखवा.

तरी सगळे फ्लॅशवाले काही बुडाले नाहीत. नुसती टाइमलाइनवर चित्रं सरकवणाऱ्यांची पंचाईत झाली. ज्यांनी त्यातली ॲक्शनस्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा मन लावून शिकली होती, त्यांना ब्राउझरची स्वतःची भाषा जावास्क्रिप्ट परकी वाटली नाही, कारण दोन्ही एक्मास्क्रिप्ट या एकाच मानकावर उभ्या. तुमचा भाचा यातल्या कुठल्या गटात होता, विचारून बघा.

म्हणून आधी पानाचा मजकूर मांडणारी एचटीएमएल, त्याला रूप देणारी सीएसएस आणि मग जावास्क्रिप्ट. एमडीएन या वेबसाइटवर हे सगळं फुकट आहे. इंग्रजी जड गेलं तर सुरुवातीला कुणी सोबत बसावं. तीन-चार महिन्यांत त्यानं एक पान स्वतःच्या हातानं करावं, समजा, तुमच्या एसटी स्टँडचं वेळापत्रक. कुठलीही तयार लायब्ररी (दुसऱ्यानं लिहून ठेवलेला कोड) न घेता. मग ते घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर, रेंज कमी असताना उघडावं. कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डनं वापरून पाहावं. रिॲक्टसारखी एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी त्यानंतर खुशाल शिकावी. नोकरीच्या जाहिरातीत ते विचारतातच.

टूल शिकूच नये असं माझं म्हणणं नाही. लहान दुकानदारांच्या साइट करून चार पैसे मिळतात, कॉलेजचा खर्च निघतो. पण त्याला सहा महिने नि 35 हजार? मला हा व्यवहार पटत नाही.

क्लासमध्ये चौकशीला जाल तेव्हा एवढं विचारा: या टूलमध्ये केलेली साइट बाहेर काढून दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येते का? 'हो' म्हणाले, तर तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा.