वेल्समधील स्लेट-रेल्वेची तिकिटे: ती खरी टपाल तिकिटे आहेत का आणि त्यांचा संग्रह कसा करावा?

आपण विचारले आहे की, मामांच्या जुन्या अल्बममध्ये ‘फेस्टिनिऑग रेल्वे’ असे छापलेली काही तिकिटे आणि तशीच तिकिटे लावलेले काही लिफाफे सापडले आहेत. ही खरी टपाल तिकिटे म्हणावीत का, लिफाफ्यांवरची तिकिटे पाण्यात भिजवून सुटी करावीत का, आणि स्लेटच्या, म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीच्या दगडाच्या, खाणी व त्यांच्या रेल्वे या विषयावर संग्रह करायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी गेली बरीच वर्षे याच विषयाचा संग्रह करत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: लिफाफे कृपया भिजवू नका. आपल्याला मिळालेल्या ठेव्यात सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे, आणि ती का, हे ध्यानात आले की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरेही सोपी होतात.

आपल्याकडची तिकिटे ‘रेल्वे लेटर स्टॅम्प’ या प्रकारातली आहेत. ब्रिटनमध्ये पत्रे वाहून नेण्याचा हक्क टपाल खात्याकडे होता, परंतु १८९१ साली खात्याने अनेक रेल्वे कंपन्यांशी करार केला आणि त्यानुसार नेहमीच्या टपालखर्चावर रेल्वेचे वेगळे शुल्क भरल्यास कोणालाही स्थानकावर पत्र देऊन ते पुढच्याच गाडीने पाठवता येऊ लागले. ते पत्र उतरण्याच्या स्थानकावर पत्त्याचा मनुष्य येऊन घेऊन जाई, किंवा तेथून ते टपालपेटीत पडून पुढे जाई. सुरुवातीला हे शुल्क दोन पेनी होते. म्हणजे अशा लिफाफ्यावर दोन तिकिटे असतात: एक राणीच्या किंवा राजाच्या प्रतिमेचे, सरकारी टपालखर्चाचे, आणि दुसरे रेल्वेच्या शुल्काचे. दुसऱ्या तिकिटावर राणीची प्रतिमा नसणे हे त्याच्या खोटेपणाचे लक्षण नसून ते वेगळ्या शुल्काची पावती असल्याची खूण आहे. ते टपाल खात्याचे तिकीट नव्हे, पण बनावटही नव्हे. सर्वसाधारण कॅटलॉगांत ते सहसा आढळत नाही, कारण ते कॅटलॉग टपाल खात्याच्या तिकिटांपुरते असतात, आणि एवढ्यावरून पुष्कळ विक्रेते त्याला ‘शोभेचे लेबल’ ठरवून मोकळे होतात. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

आता फेस्टिनिऑगविषयी, कारण लिफाफ्याचे मोल येथेच कळते. वायव्य वेल्समधील ब्लायनाय फेस्टिनिऑग या गावाभोवतीच्या डोंगरांत स्लेटच्या प्रचंड खाणी होत्या. हा दगड पातळ पापुद्र्यांत सुटतो, पाणी धरत नाही आणि शंभर वर्षे छपरावर टिकतो, म्हणून औद्योगिक शहरांच्या घरांवर तोच चढला. १८४२ साली हांबुर्ग शहर आगीत जळाल्यानंतर नव्या छपरांसाठीही या भागातील स्लेट जहाजांनी तिकडे गेली. खाणीपासून पोर्थमाडॉग बंदरापर्यंत दगड उतरवण्यासाठी १८३६ साली जेमतेम दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढेच अंतर असलेली, रेल्वे सुरू झाली. तिची आखणी अशी काटेकोर होती की, भरलेल्या वाघिणी उतारावर आपल्या वजनाने समुद्रापर्यंत धावत जात, ब्रेकवर माणसे बसत, आणि रिकाम्या वाघिणी परत वर ओढण्यासाठी लागणारे घोडेदेखील त्याच गाडीला जोडलेल्या वेगळ्या डब्यात उभे राहून खाली येत. १८६३ साली वाफेची इंजिने आली, दोन वर्षांनी प्रवासी वाहतूक सुरू झाली, तरीही स्लेटच्या गाड्या १९३९पर्यंत उतारावरून इंजिनाविना सोडल्या जात होत्या. इतक्या अरुंद रुळांवर वाफेची नियमित वाहतूक होऊ शकते हे याच मार्गाने जगाला पटवून दिले.

१९४६ साली हा मार्ग बंद पडला. १९५५पासून स्वयंसेवकांच्या मदतीने तो बंदराच्या बाजूने तुकड्यातुकड्याने पुन्हा सुरू होत गेला. मधल्या काळात जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयाखाली जुन्या रुळांचा एक भाग बुडाला होता. तेव्हा या मंडळींनी दुआल्ट येथे रूळ गोल फिरवून स्वतःच्याच वरून नेले, डोंगरातून नवा बोगदा काढला, आणि १९८२ साली गाडी पुन्हा ब्लायनायला पोहोचवली. या रेल्वेने पत्रसेवेची तिकिटे १९६९ साली काढली, म्हणजे मार्ग अजून पुरता उघडलेला नसताना. म्हणूनच आपल्या लिफाफ्यावरील स्थानकाचा शिक्का आणि तारीख एकत्र वाचावी. सत्तरच्या दशकातील पत्र वरच्या टोकाच्या गावातून या गाडीने निघूच शकत नव्हते, कारण या रेल्वेची गाडी तेथवर पोहोचतच नव्हती. ऐंशीच्या दशकातील पत्र निघू शकत होते. सुट्या, कोऱ्या तिकिटावर यातले काहीही कळत नाही. लिफाफ्यावर मात्र एका रेल्वेच्या पुनर्जन्माची तारीखवार नोंद असते. ती नोंद पाण्यात घालवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या अशा रेल्वेंमध्ये ही जुनी पत्रसेवा पुन्हा सुरू करण्याचा पहिला मान मात्र फेस्टिनिऑगचा नसून टालिथ्लिन रेल्वेचा आहे. तिने १९५७ सालीच आपली तिकिटे काढली. ब्रिनेग्लुइस येथील स्लेटखाणीचा माल टाउइन गावापर्यंत आणण्यासाठी १८६५ साली ही रेल्वे उभी राहिली. १९४६च्या अखेरीस खाणीत दरड कोसळली आणि खाण बंद झाली. १९५० साली मालक हेन्री हेडन जोन्स वारल्यावर मार्गही संपणार असे दिसत असताना लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने हौशी मंडळींची संस्था निघाली आणि १९५१पासून तिने गाड्या चालवल्या. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे. आपल्या संग्रहात दुसरी कोणती रेल्वे घ्यावी असे विचाराल, तर मी निःशंकपणे हीच सांगेन.

टपाल खात्याच्या तिकिटांपैकी दोन आपल्याला हमखास हवीत. पहिले २००४ सालच्या ‘क्लासिक लोकोमोटिव्ह्ज’ या मालिकेतील वीस पेनींचे तिकीट, ज्यावर टालिथ्लिनचे १८६६ सालचे ‘डॉल्गोक’ इंजिन आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे वाफेचे इंजिन १८०४ साली दक्षिण वेल्समध्ये रुळांवर धावले, त्याच्या द्विशताब्दीनिमित्त ही मालिका निघाली होती. दुसरे २०१४ सालच्या वेल्समधील इंजिनांच्या मालिकेतील ‘ब्लांश’चे. हे इंजिन १८९३ साली पेनरिन येथील स्लेटखाणीच्या रेल्वेसाठी बांधले गेले आणि ती रेल्वे बंद पडल्यावर फेस्टिनिऑगला आले, त्यामुळे आपल्या विषयाची दोन्ही टोके त्या एका तिकिटावर जुळतात. दोन्ही तिकिटे आधुनिक आहेत, फार महाग नाहीत, आणि शक्य झाल्यास ती फर्स्ट डे कव्हरवर, म्हणजे तिकीट निघाल्याच्या पहिल्या दिवशीचा शिक्का असलेल्या लिफाफ्यावर, घ्यावीत. १९८९च्या औद्योगिक वारशाच्या ब्रिटिश मालिकेत मात्र शोधू नका; त्यात लोखंडी पूल, कथलाची खाण, कापडगिरणी आणि जलसेतू आहेत, स्लेट नाही. तेव्हा स्लेटला जागा मिळायला हवी होती असे मला आजही वाटते, कारण २०२१ साली युनेस्कोने याच प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या सर्व तिकिटांत एक मोठी उणीव आहे, आणि ती संग्राहकाने आपल्या हाताने भरून काढावी असा माझा आग्रह आहे. तिकिटांवर इंजिने दिसतात, खाणकामगार जवळजवळ दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधील स्लेटच्या धंद्यात सुमारे सतरा हजार माणसे होती. दोराला लटकून कडा फोडणारे, अंधाऱ्या दालनांत मेणबत्तीच्या उजेडात काम करणारे आणि छिन्नीने दगडाचे पापुद्रे सोडवणारे हे लोक दगडाच्या धुळीने छातीचे रोगी होत. पेनरिनच्या खाणीत १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे संप चालला. ‘या घरात कोणी फितूर नाही’ असे वेल्श भाषेतील फलक खाणीजवळच्या बेथेस्डा गावच्या घरांच्या खिडक्यांत लागले होते. ‘ब्लांश’ त्या संपाच्या काळात त्याच खाणीच्या रुळांवरचे इंजिन होते. अल्बममध्ये तिचे तिकीट लावाल तेव्हा त्याखालच्या टिपणात चाकांची रचना लिहाच, पण संपाची ही हकिगतही दोन ओळींत लिहा.

विषय आपल्याकडे जोडायचा असेल तर जागा आहे, मात्र ती स्लेटमधून नव्हे, रुळांच्या रुंदीतून. दार्जिलिंग आणि नेरळ–माथेरान हे दोन्ही मार्ग दोन फुटी गेजचेच, आणि भारतीय टपाल खात्याच्या १९९३ सालच्या डोंगरी इंजिनांच्या मालिकेत दोघांनाही तिकिटे मिळाली आहेत. संग्रहाच्या शेवटी एक पान त्यांना द्यावे. त्याहून अधिक दिल्यास मूळ विषय पातळ होतो.

खरेदीबाबत एवढेच सांगतो की, रेल्वेपत्रांचे बरेच लिफाफे संग्राहकांसाठीच तयार केलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण दोन लिफाफे समोर असतील तर ज्यावर रेल्वेच्या स्थानकाचा आणि टपाल खात्याचा असे दोन्ही शिक्के स्वच्छ आहेत व पत्ता खऱ्या पत्रासारखा लिहिलेला आहे, तो घ्यावा. मामांचे लिफाफे प्लास्टिकच्या साध्या पिशवीतून काढून आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवावेत, चिकटपट्टी मुळीच लावू नये, आणि पावसाळ्यात अल्बम उभा व हवेशीर कपाटात ठेवावा. शिक्क्यांवरची स्थानके आणि तारखा वाचता आल्या तर त्या येथे जरूर लिहा. कोणता लिफाफा मार्गाच्या कोणत्या टप्प्यातला आहे, हे मी आनंदाने सांगेन.