करडईचं तेल चेहऱ्याला, केसांना लावावं का? रोज खावं का?

तुम्ही विचारलंय की गावाकडून घाण्याचं करडईचं तेल आलंय, ते चेहऱ्याला-केसांना लावू का, स्वयंपाकात रोज वापरलं तर हृदयाला चांगलं का. आणि शेवटी लिहिलंय, "सासूबाई म्हणतात गावठी तेलानं अंग उठतं, खरं आहे का?" बाकीचे प्रश्न असते तर मी वाचून पुढे गेले असते. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे.

गावठी तेलानं अंग उठत नाही. शिळ्या तेलानं उठतं, आणि भर उन्हाळ्यात घामोळ्यावर तेल चोळलं तरी उठतं. हे मी माझ्या लेकीच्या अंगावर बघितलंय.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यात. काळी जमीन, विहिरीचं पाणी संक्रांतीपर्यंत पुरलं तर पुरलं. अशा रानात रब्बीला ज्वारी, हरभरा आणि करडईच येते. करडईचं मूळ खोल जातं, परतीच्या पावसाच्या ओलीवर पीक हाती लागतं. आमच्याकडे ज्वारीच्या वावराला कडेनं चार तासं करडईची असायची, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिची भाजी, पुढे तेल, आणि पेंड गुरांना. काढणीला माय अंधारात उठायची. दव असेपर्यंत काटे नरम असतात, ऊन चढलं की झाडाला हात लावता येत नाही. हातांना जुन्या धोतराची फडकी गुंडाळून ती काढायची, तरी संध्याकाळी चिमणीच्या उजेडात बोटांतले काटे सुईनं काढत बसलेली मला आठवते.

ह्या बाईचा तेलाबाबत एक नियम होता. तेल साठवायचं नाही, बी साठवायचं. करडईचं बी टरफलात वर्षभर नीट राहतं. तेल मात्र पंधरा दिवस-तीन आठवड्यांचं, लागेल तेवढंच गाळून आणायचं. चार-साडेचार किलो बियांचं आमच्या घाण्यावर जेमतेम किलोभर तेल पडायचं. (हा हिशोब लक्षात ठेवा. चार किलो करडईच्या भावापेक्षा स्वस्तात कोणी "शुद्ध लाकडी घाणा" देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे.)

माझी थोरली 2009 च्या डिसेंबरात झाली, माहेरीच. साडेतीन महिने माय रोज तिला कोमट करडईच्या तेलानं चोळून न्हाऊ घालायची. पोरीच्या अंगावर एक पुटकुळी आली नाही. मार्चअखेर मी लातूरला सासरी निघाले तेव्हा मायनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. लेक शहरात चाललीय, तिथं तिला घाणा कुठं सापडणार, आणि विहीणबाईंच्या घरी रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून एकदम पाच लिटर तेल गाळून पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून दिलं. मी ते कॅन गॅलरीत ठेवलं. पश्चिमेची गॅलरी. एप्रिल आणि अर्धा मे ते तेल त्या उन्हात तापत होतं आणि मी रोज त्यातलंच वाटीभर काढून लेकराला लावत होते. वासात थोडा फरक पडला होता. मला वाटलं घाण्याच्या तेलाला असा वास येतोच.

मे महिन्यात पोरीची मान, काखा, मांड्यांच्या घड्या लालबुंद झाल्या. त्याच आठवड्यात माझ्या वन्सं सुट्टीला पुण्याहून आल्या, आणि योगायोगानं मायही नातीला बघायला एसटीनं आली होती. वन्संनी कॅन हुंगलं, म्हणाल्या, "हे गावठी तेल लावतेस होय लेकराला? म्हणून अंग उठलंय." आणि सगळ्यांच्या देखत कॅन मोरीत उपडं केलं. शेजारच्या दोन बायकाही होत्या. माय फक्त एवढंच म्हणाली, "आमच्याकडं सगळ्या लेकरायला हेच लावायलोत बाई." पुढे काही बोलली नाही. रिकामं कॅन तिनं राखेनं घासून धुतलं, पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेली.

वन्संनी ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. दहा दिवस ते चोळलं, पुरळ वाढलं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. औषधाच्या एका बाटलीत थोडं जुनं करडईचं तेल उरलं होतं, तेही नेलं. डॉक्टरांनी वास घेतला, म्हणाले, तेल खवट झालंय, ते लावायला नको होतं. पण लातूरच्या मे महिन्यात लेकराच्या घड्यांमध्ये कुठलंच तेल भरायचं नाही, घामोळं आधी आणि तेल त्याच्यावर, म्हणून हे झालंय. तेल बंद, सुती झबलं, दोन वेळा साधी आंघोळ, घड्या कोरड्या ठेवायच्या. आठवड्यात कातडी पूर्ववत झाली.

आता तुमच्या कामाचं. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल (तेल ज्या मेदाम्लांचं बनतं त्यांतलं एक) 70 ते 75 टक्के असतं, खाद्यतेलांत फार थोड्यांत इतकं असतं. त्वचेच्या वरच्या थरात ओल धरून ठेवणारे जे मेद असतात ते बनायला हेच आम्ल लागतं. ऑलिव्हमध्ये त्याउलट ओलिक आम्ल जास्त. 2013 साली मोठ्या माणसांवर झालेल्या एका प्रयोगात ऑलिव्ह तेलानं त्वचेचा हा थर कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. त्याच्या आधी 2005 मध्ये ढाक्याच्या रुग्णालयातून आलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर जंतुसंसर्ग कमी झाले होते. हे दोन्ही प्रयोग सूर्यफुलावर झालेत, करडईवर नाहीत. पण लिनोलिकच्या हिशोबानं करडई सूर्यफुलाचीच बहीण आहे, आणि महागड्या विदेशी बाटलीपुढं तिला कमी लेखायचं काही कारण मला दिसत नाही.

पण ज्या आम्लामुळे हे तेल त्वचेला चांगलं, त्याच आम्लामुळे ते लवकर बिघडतं. हवा, ऊन आणि उष्णता लागली की ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, खवट होतं आणि शेवटी चिकट पापुद्रा धरतं. पूर्वी रंगात आणि वार्निशात करडईचं तेल घालत ते ह्याच गुणामुळे. तुमच्या घरी तेलाच्या डब्याच्या तोंडाशी पिवळा, राळेसारखा चिकटा धरला असेल तर तो तोच. असं तेल कातडीला लावलं तर आग होऊ शकते, पुरळ येऊ शकतं.

म्हणून तुमचं तेल कधी गाळलंय ते गावाकडे फोन करून आधी विचारा. महिन्याभरातलं असेल आणि अंधारात, स्टीलच्या डब्यात ठेवलेलं असेल तर हातापायाला, टाचांच्या भेगांना, ओठांना बिनधास्त लावा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं, म्हणजे थोडक्यात भागतं. चेहऱ्याला रात्री दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नको. मुरुम येणाऱ्यांच्या त्वचेच्या तेलात लिनोलिक आम्ल कमी आढळतं हे खरं आहे, पण म्हणून करडईचं तेल चोपडून मुरुम जातात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मुरुम पिकलेले असतील तर डॉक्टर गाठा. एखाद्याला चांगलं तेलही सोसत नाही, तेव्हा आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

केसांसाठी मी करडई सुचवणार नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असतं. धुताना केसातलं प्रथिन कमी जातं ते त्यामुळे. सूर्यफूल किंवा करडईचं तेल केसावर वरवर राहतं, चमक येते तेवढीच. आणि ते रात्रभर, दोन रात्री ठेवलं तर उशीचे अभ्रे पिवळे आणि कडक होतात, तोच वार्निशचा गुण. कुठल्याच तेलानं गळालेले केस परत उगवत नाहीत, माझ्या मायच्याही नाही.

खाण्याचं. आमच्या वन्संचे यजमान आयुर्वेदाचं बरंच वाचतात. तेलावरून विषय निघाला की ते सांगतात, चरकसंहितेत हितकर-अहितकर पदार्थांची यादी आहे, तिच्यात वनस्पतींच्या स्नेहांमध्ये तिळाचं तेल सगळ्यांत हितकर आणि करडईचं सगळ्यांत अहितकर म्हटलंय. मी शोधून बघितलं, खरंच तसं लिहिलंय, सूत्रस्थानात. मी नाकारत नाही. मालिशीला तीळ वापरायचं असेल तर जरूर वापरा. पण ज्या रानात विहीर संक्रांतीला आटते तिथल्या माणसांनी जे उगवलं तेच खाल्लं. गरम भाकरी, ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार. माझे आजोबा त्याच्यावर राबले.

तरी "हृदयाचं तेल" म्हणून करडई डोक्यावर घेऊ नका, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचंय. ऑस्ट्रेलियात सिडनीला 1966 ते 1973 मध्ये हृदयविकार होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. एका गटाला लोणी-चरबीच्या जागी करडईचं तेल आणि त्याचं मार्गारिन, म्हणजे लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल, दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू मात्र त्यांच्यातच जास्त झाले. जुनी आकडेवारी पुन्हा तपासून 2013 मध्ये हे छापून आलं. म्हणून करडई एकटी नको. तिच्यात ओमेगा-3 हे शरीराला लागणारं दुसरं मेदाम्ल जवळजवळ नाहीच. आपल्याकडे जेवणात जवसाची चटणी असायची, ती ही उणीव भरून काढते. आता चटणी गेली आणि नुसतं तेल उरलं. घरात हृदयाचा रुग्ण असेल तर तेल डॉक्टरांना विचारूनच बदला.

घाण्याचं तेल तळणीला वापरू नका, लवकर धुरावतं. तळणीला रिफाइंड, फोडणीला आणि वरून घ्यायला घाण्याचं. दुकानातून करडईचं म्हणून घेताना पिशवीवरचे टक्के वाचा. मिश्र तेलात दोन्हीपैकी कुठलंही 20 टक्क्यांच्या खाली असू नये असा नियम आहे, म्हणजे समोर करडईचं फूल छापलेलं असलं तरी आत ऐंशी टक्के दुसरं तेल असू शकतं.

वन्सं हे वाचतीलच, त्या ह्या साइटवर असतात. वन्सं, कॅन ओतलंत ते बरोबर केलंत. ते तेल लेकराला लावण्यासारखं राहिलंच नव्हतं, आणि चूक माझी होती, गॅलरीत मी ठेवलं होतं. पण "गावठी" म्हणालात ते चूक होतं, आणि ते माझ्या मायच्या तोंडावर म्हणालात. डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. घरात वाद नको म्हणून मी गप्प बसले आणि माय मात्र आजही समजते की तिच्या तेलानं नातीचं अंग उठलं. मी तिला कितीदा सांगितलं. ती मान हलवते. त्यानंतर तिनं मला तूप दिलं, डाळी दिल्या, हुरडा दिला, तेल कधी दिलं नाही.

भावानं आता सोयाबीन आणि त्यावर हरभरा धरलाय. काट्यांत हात घालायला मजूर मिळत नाहीत, तो तरी काय करेल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं बिनकाट्याचा पीबीएनएस 40 हा वाण दिलेला आहे. घरापुरती अर्धा एकर तरी लाव म्हणून मी दरवर्षी त्याच्या मागे लागते.

तुमच्या सासूबाईंना सांगा, तेल हुंगून बघा. ताज्या करडईला जवळपास वासच नसतो, असला तर भाजलेल्या बियांचा हलका. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते खायला नको, अंगाला नको, टाकून द्या. नवी करडई मार्चमध्ये निघते. गावाकडे कोणी असेल तर तेल मागवू नका, दहा किलो बी मागवा आणि जवळचा घाणा शोधा.