खुनाची गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतावर पाइप ऑर्गनसाठी रचना करतोय. ती भयाण वाटावी म्हणून काय करू?

तुम्ही ‘दोन बहिणी’ हे इंग्लंड-स्कॉटलंडकडचं जुनं कथागीत घेतलंय आणि विचारताय, की खालचे घोगरे सूर आणि कर्कश स्वरमेळ भरले तर जमेल का. माझ्या मते नाही. सगळी भीती पहिल्या मिनिटातच खर्ची पडेल.

आधी गाणं कसं चालतं ते बघा. थोरली धाकटीला पाण्यात ढकलते. पुढे त्या धाकटीच्या हाडांचं वाद्य बनतं आणि ते वाद्यच खुनाला वाचा फोडतं. १६५६ साली हे गीत छापलं गेलं, तेव्हापासून तपशील खूप बदलले. पण पुष्कळ पाठांत दर ओळीमागून पालुपद येतं, ढकलण्याआधी जे, तेच ढकलल्यानंतरही. अंगावर काटा येतो तो तिथे. गाणारा हळहळत नाही, नुसता सांगत जातो.

तुमचं वाद्यही असंच आहे. पट्टी जोरात दाबा नाहीतर हलके, आवाज तेवढाच. सूर फुगत नाही, विरत नाही, बोट उचललं की थांबतो. म्हणून पालुपदाला एकच स्टॉप, म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचा संच, नेमून द्या. साधी आठ फुटी फ्लूट घ्या (फुटांचा आकडा सर्वांत लांब नळीचा; आठ फुटी लिहिल्या उंचीवरच वाजते), आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. काय बदलायचं ते कथेच्या ओळींखाली बदला.

चाल डोरियन असेल, म्हणजे आपल्या काफीच्या स्वरांची, तर निषाद कोमलच राहू द्या. समारोपाला तो चढवायची हार्मनीतली सवय इथे घात करते. गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम धरले तरी पुरतं. शेवटचा स्वरमेळ मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराचा, करायची जुनी रीतही टाळा. ती सुटकेसारखी ऐकू येते, आणि या गोष्टीत सुटका नाही.

बत्तीस फुटी स्टॉप फक्त बुडण्याच्या कडव्यात वापरा. त्याचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला जेमतेम सोळा कंपनांचा, कानांपेक्षा छातीला जाणवणारा. तो सगळ्या ऑर्गनवर नसतो, तेव्हा त्याच्यावाचूनही कडवं उभं राहायला हवं.

हाडांचं वाद्य बोलतं ती जागा मी पेडलला, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांना, देईन. पेडलवर एकटा चार फुटी रीड स्टॉप (पत्तीच्या कंपनाने वाजणारा), जो लिहिल्यापेक्षा सप्तकभर वर वाजतो. हात मंद्रात धरून ठेवले की पायांनी वाजवलेली चाल हातांच्या वरून ऐकू येते. बाखच्या ‘शुब्लर कोराल’ या ऑर्गनवरच्या सहा रचनांपैकी काहींत चार फुटी पेडल आहे, ते एकदा बारकाईने ऐका. त्या कडव्यात बाकी काहीही घालू नका. श्रोत्याला एकच आवाज ऐकू यायला हवा, तिचा.

आणि प्रयोग कुठल्या ऑर्गनवर होणार ते ठरलं असेल, तर त्याची स्टॉपची यादी आजच मिळवा. जागा किती घुमते तेही विचारा. कडव्यांमधली विश्रांती त्यावरच ठरेल.