उमेद खचते ती बहुतेकदा उधारीने

भोसरी-चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवायला सुरुवात करताय, तर पहिले काही महिने उत्साह भरपूर राहील. तो ओसरतो पहिलं मोठं बिल अडकतं तेव्हा. माल गेलेला, पैसे आलेले नाहीत, पगार आणि भाडं दारात उभं. त्यात मालावरचा जीएसटी बिलाच्या तारखेने भरायचा, पैसे हातात येवोत न येवोत. अशा वेळी माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. खरं तर खेळतं भांडवल कमी पडलेलं असतं, आणि त्यावर उपाय आहे.

सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा, धंद्यासाठी त्याला हात लावू नका. पहिला माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंद, करा. ती मोफत आहे, एजंट कशाला? क्रमांक बिलावर छापा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. हे आठवण करताना सौम्यपणे सांगा, पण सांगाच.

गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत वहीत तीन आकडे लिहा: दिलेली कोटेशन, परत आलेले नग, येणं बाकी. ऑर्डर मिळणं आपल्या हातात नसतं, कोटेशन देणं असतं. नग परत आला तर ड्रॉइंगमधलं नेमकं कुठलं माप चुकलं तेही लिहा, आणि पुढच्या लॉटचा पहिला नग मोजल्याशिवाय मशीन चालू ठेवू नका.