जांभळ्या बल्बमधलं रक्त लाल बल्बमध्ये ओतलं तर?

प्रश्न: डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) आहे, सकाळी एका लॅबमध्ये शिकायला जाते. परवा एका आजोबांचं रक्त प्लेन (लाल झाकणाच्या) बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, फार कमी आलं, आणि आजोबा तोवर अक्कलकोटच्या एसटीत बसलेही होते. सीनियर म्हणाले, ईडीटीएच्या बल्बमधलं थोडं त्यात ओत. मी नाही म्हटलं, तर 'तुझा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही' असं ऐकावं लागलं. माझं चुकलं का?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर: नाही. जांभळ्या झाकणाच्या बल्बमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. ते सिरमच्या (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाच्या) लाल बल्बमध्ये गेलं की पोटॅशियम खोटंच चढतं. कॅल्शियमला ईडीटीए धरून ठेवतं, म्हणून ते कोसळतं. अल्कलाइन फॉस्फेटेजही उतरतं, कारण त्या एन्झाइमला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम ईडीटीए काढून घेतं. पोटॅशियम भरपूर, कॅल्शियम नाहीसं आणि रुग्ण मात्र ठणठणीत, असा रिपोर्ट दिसला तर आधी बल्बवरच संशय घ्यावा.

४.२ चं पोटॅशियम ७ दिसलं तर निदान कोणीतरी फोन करून विचारतं. खरी भीती उलट बाजूची. खरं २.८, म्हणजे धोक्याइतकं कमी असलेलं ४.५ दिसलं, तर तो रिपोर्ट नॉर्मल म्हणून फाइलला लागतो आणि कोणी वळूनही पाहत नाही.

मात्र 'नाही' म्हणून गप्प उभं राहणंही पुरेसं नाही. असं म्हणता आलं असतं: "सर, पोटॅशियम आणि कॅल्शियम चुकतील. आहे तेवढ्या सिरमवर कुठल्या टेस्ट आधी लावू, डॉक्टरांना विचारू का?" अ‍ॅनालायझरला एका टेस्टला काही मायक्रोलिटर सिरम पुरतं, त्यामुळे दोन-तीन महत्त्वाच्या टेस्ट बहुतेक वेळा निघतात. उरलेल्यांसाठी रजिस्टरमध्ये 'नमुना अपुरा', वेळ आणि सही, आणि रुग्णाला फोन. अक्कलकोटहून पुन्हा यायला लावणं जिवावर येतं हे खरं, पण तो फोन टाळू नये.

रक्त काढतानाचा क्रमही याच कारणाने ठरलेला आहे: निळा, मग लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा, शेवटी करडा. निळ्या बल्बची गोष्ट आणखी नाजूक. त्यात ०.३ मिली सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं) असेल तर रक्त २.७ मिली, म्हणजे खुणेपर्यंतच हवं. अर्धा भरला तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबतो.

प्रश्न: नाव विचारूनच रक्त घेतो, तरी दोन रुग्णांची लेबलं बदलली. असं कसं होतं?
— विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर: बहुधा "तुम्ही सिद्धाराम ना?" असं विचारलं असेल. ऐकू कमी येणारे, घाबरलेले किंवा मराठी नीट न कळणारे लोक अशा प्रश्नाला मान डोलावतात. सोलापुरात एका सकाळी दोन सिद्धाराम येणं काही नवलाचं नाही. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारून नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या, मग वय आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीशी जुळवा. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्यांना "मी पेरु एमिटि?" आणि कन्नड बोलणाऱ्यांना "निम्म हेसरु एनु?" एवढं आलं तरी काम भागतं. लेबल रक्त काढल्यावर, रुग्ण खुर्चीत असतानाच लावायचं. वेळ वाचवायला आधीच लेबल लावून ओळीने मांडलेले बल्ब हेच अदलाबदलीचं मूळ.

प्रश्न: शेजारच्या काकू मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा रिपोर्ट विचारतात. 'नॉर्मल आहे' एवढं सांगितलं तर?

उत्तर: तेवढंही नाही. आज 'नॉर्मल' सांगितलंत, तर उद्या तुमचं गप्प राहणंच उत्तर होईल. "काकू, आम्हाला सांगता येत नाही" हे हसून, पण दर वेळी तेच म्हणा. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीयता बंधनकारक केली आहे. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढणंही यातच आलं.

प्रश्न: वापरलेली सुई बोटाला टोचली. कुणाला सांगितलं तर ओरडा बसेल अशी भीती वाटते.

उत्तर: ओरडा बसला तर बसू द्या. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच प्रमुखांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो २ तासांत सुरू व्हावं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. लपवण्यात गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो. यापुढे सुईला टोपण परत लावू नका, अनेकदा टोचते ती तेव्हाच. सुई थेट न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची असते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडींचं प्रमाण) तपासून घ्या, तो १० mIU/mL च्या वर हवा.