महाबळेश्वरहून आणलेले निळे हायड्रेंजिया पुण्यात गुलाबी का झाले, आणि आता फुलत का नाही?

आपण लिहिले आहे की महाबळेश्वरच्या रोपवाटिकेतून आणलेले निळ्या फुलांचे हायड्रेंजिया पुण्यात गच्चीवरच्या कुंडीत पुढच्या मोसमात मळकट गुलाबी फुलले आणि यंदा पाने भरगच्च असूनही एकही फूल आले नाही. पाणी बोअरचे आहे, आणि माळी दर जानेवारीत इतर झाडांबरोबर याचीही छाटणी करतो. एवढ्या माहितीवरून माझे स्पष्ट मत असे आहे की रंग पाण्याने बदलला आणि फुले छाटणीने गेली. झाड निरोगी आहे, ते टाकून देऊ नका.

आधी रंगाचे पाहू. आपल्याकडे मिळणारे बहुतेक हायड्रेंजिया मूळच्या जपानमधल्या मॅक्रोफायला या जातीचे असतात, आणि त्यांच्या निळ्या व गुलाबी फुलांतले रंगद्रव्य एकच असते. त्या रंगद्रव्याशी ॲल्युमिनियमचा संयोग झाला की फूल निळे दिसते, न झाला की गुलाबी. (पांढऱ्या वाणांत हे रंगद्रव्यच नसल्याने त्यांच्यावर रंग बदलण्याचा प्रयोग करू नये.) मुळांना ॲल्युमिनियम मिळते ते माती आम्लधर्मी असली तरच: सामू (म्हणजे pH, मातीची आम्लता सांगणारा आकडा) साधारण 5.5 किंवा त्याहून कमी असेल तर निळा रंग येतो, 6.5 च्या वर गेला की गुलाबी, आणि मधल्या पट्ट्यात आपण वर्णन केलेला मळकट, जांभळट-गुलाबी रंग. महाबळेश्वरचा माथा जांभ्या दगडाचा आहे. तिथल्या लाल मातीत ॲल्युमिनियम मुबलक असते आणि धो धो पावसाने चुन्याचा अंश धुऊन गेल्यामुळे ती आम्लधर्मी राहते. पुण्याच्या परिसरातल्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि बोअरचे पाणीही बहुधा जड असते. असे पाणी रोज घातले की कुंडीत आणलेली उत्तम लाल मातीसुद्धा हळूहळू विम्लधर्मी होत जाते. कुंडीच्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरी पुटे चढली असतील, आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहत असतील, तर हेच घडत आहे असे समजावे. पिवळेपणा लोह न मिळाल्याचा असतो आणि विम्लधर्मी मातीत त्यावर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोहच (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) उपयोगी पडते. साधे फेरस सल्फेट अशा मातीत लवकर निकामी होते.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात साठवता आले तर उत्तम, नाहीतर नळाचे पाणी वापरावे. बोअरचे मात्र शक्य तितके टाळावे. त्यानंतर पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंडी बदलावी. साधारण 14 इंचांच्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पानांचे कुजलेले खत, लाल माती आणि थोडे गांडूळखत असे मिश्रण भरावे. काळी माती आणि राख अजिबात घालू नये. फुलांसाठी बोनमील घाला असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल, पण निळ्या हायड्रेंजियाला तो घातक आहे, कारण त्यातला स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवतो आणि चुना सामू वाढवतो. त्याऐवजी कृषी सेवा केंद्रात मिळणारे 13:0:45 हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशचे, म्हणजे यात स्फुरद नाही) अगदी कमी मात्रेत द्यावे. ॲल्युमिनियमसाठी घरातली तुरटी चालते: एक लिटर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम विरघळवून, आधी साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मातीत, कळ्या दिसण्याच्या आधीपासून पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने द्यावी. मात्रा वाढवल्यास मुळे करपतात. उमललेल्या फुलाचा रंग तुरटीने बदलत नाही, तेव्हा फूल आल्यावर घाई करण्यात अर्थ नाही. कॉफीचा चोथा आणि व्हिनेगर यांच्यावर माझा विश्वास नाही. त्यांचा परिणाम टिकत नाही.

आता फुलांविषयी. हे झाड गेल्या मोसमात वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर फुलते. रात्रीचे तापमान 18 अंशांच्या खाली उतरू लागले की शेंड्यात कळीची जडणघडण सुरू होते, आणि पुण्यात हा काळ साधारण नोव्हेंबरपासून पुढचा. म्हणजे जानेवारीत माळी जे शेंडे छाटतो, त्यांतच येणाऱ्या उन्हाळ्याची फुले असतात. डिसेंबरच्या अखेरीस एखादा शेंडा जवळून पाहा: फुलाचा डोळा टपोरा आणि गोलसर असतो, पानाचा निमुळता आणि चपटा. एकदा हा फरक डोळ्यांना कळला की कात्री आपोआप थांबते. छाटणी करायची ती फुले सुकल्यावर लगेच, फार तर जुलैपर्यंत, पानांच्या सशक्त जोडीच्या जरा वर. त्यानंतर फक्त वाळलेल्या काटक्या काढाव्यात. मुंबईत हिवाळी रात्री पुरेशा थंड होत नसल्याने तिथे हे झाड पानांनी फोफावते पण फुलायला नाखूश असते. पुण्याची थंडी बऱ्यापैकी साथ देते, म्हणूनच मी आपल्याला आशा ठेवायला सांगतो आहे.

जागा सकाळच्या उन्हाची हवी. दहा-साडेदहानंतर सावली मिळेल अशी पूर्वेची बाजू चांगली. गच्चीवर असाल तर हिरवी शेडनेट लावावी. एप्रिलच्या दुपारी माती ओली असतानाही मोठी पाने माना टाकतात, कारण पानांतून उडणारे पाणी मुळे तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत. अशा वेळी घाबरून पुन्हा पाणी ओतले तर मुळे कुजतात. संध्याकाळी पाने सावरली की नाही ते पाहावे. न सावरल्यास बोट पेरभर मातीत खुपसून ओल तपासावी आणि मगच पाणी द्यावे. पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे, म्हणजे पानांवर ठिपके कमी पडतात.

छाटलेल्या हिरव्या फांद्या फेकू नका. दोन-तीन पेरांचा तुकडा घेऊन खालची पाने काढावीत, वरची अर्धी कापावीत आणि ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत लावावा. पावसाळी हवेत महिनाभरात मुळे धरतात. घरात लहान मूल किंवा कुत्रे-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा, कारण या झाडाची पाने आणि कळ्या पोटात गेल्यास विषारी ठरतात.